परदेशात मृत्यू झाला तर मृतदेह गावी कसा आणतात? हर्णेसारख्या गावांनी माहीत करून ठेवावी अशी प्रक्रिया

दापोली तालुक्यातलं हर्णे बाहेरच्यांना ठाऊक आहे ते मासळीच्या लिलावासाठी आणि समोर पाण्यात उभ्या असलेल्या सुवर्णदुर्गासाठी. पण दापोली, मंडणगड, खेड या पट्ट्यातल्या गावांची आणखी एक ओळख आहे, जी पर्यटकांच्या रील्समध्ये दिसत नाही. इथल्या कित्येक घरांतला एक तरी माणूस बाहेर असतो. कुणी दुबईत, कुणी कुवेत-सौदीत, तर कुणी 'बोटीवर', म्हणजे मालवाहू जहाजावर नोकरीला. घराचा स्लॅब पडतो तो तिकडच्या पैशावर, बहिणींची लग्नं होतात तीही तिकडच्या पैशावर. आणि कधीतरी तिकडूनच फोन येतो की माणूस गेला.

मग घरात एकच प्रश्न फिरत राहतो: मयत कधी येणार? आमदार-खासदारांना फोन लागतात, ओळखीच्या ओळखीतून कुणीतरी 'तिकडचा मोठा माणूस' शोधला जातो, मंत्र्यांना टॅग करून पोस्ट पडतात. याचा उपयोग होतच नाही असं नाही. अडकलेली फाइल कधीकधी अशानेच हलते. पण मुळात मृतदेह निघतो तो कागदांवर. कोणता कागद कोणत्या कागदाच्या आधी लागतो हे घरच्यांना माहीत असेल, तर वाट बघण्याचे दिवस कमी होतात. आणि यातले काही कागद दुबईत नाही, इथेच, गावात आणि दापोलीत तयार करायचे असतात.

पहिल्या दिवशी काय करायचं?

बातमी बहुतेक वेळा सोबतच्या रूममेटकडून, कंपनीतल्या माणसाकडून किंवा हॉस्पिटलकडून येते. त्याच फोनवर चार गोष्टी विचारून घ्यायच्या: मृत्यू नेमका कुठे झाला (हॉस्पिटल, खोली, कामाची जागा, रस्ता), मृतदेह आत्ता कोणत्या हॉस्पिटलच्या शवागारात आहे, पासपोर्ट कुणाकडे आहे आणि कंपनीतर्फे कागदपत्रं कोण बघतंय. आखाती देशांत कंपनीच्या या माणसाला 'पीआरओ' किंवा 'मंदूब' म्हणतात. पुढचे सगळे दिवस त्याचा नंबर सर्वात जास्त कामाला येतो.

त्यानंतर घरातल्या एकाच माणसाने सूत्रं हातात घ्यावीत. ऐकायला साधं वाटतं, पण घोळ इथेच होतो. भाऊ एका एजंटशी बोलतो, मेहुणा दुसऱ्याशी, चुलते तिसऱ्यालाच पैसे पाठवतात. दूतावासाला जवळच्या नातेवाइकाचं लेखी संमतीपत्र लागतं. म्हणजे पत्नी किंवा पती, ते नसतील तर आईवडील, मुलं, भावंडं. मृतदेह भारतात पाठवायचा की तिथेच अंत्यसंस्कार करायचे आणि तिथली कागदपत्रं कुणी करायची, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. हे पत्र नोटरी करून पाठवायचं असतं. हर्णेकरांना त्यासाठी दापोली गाठावी लागते. तिथल्या ज्या माणसाला अधिकार देणार, त्याचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरशः त्याच स्पेलिंगने लिहावं. एका अक्षराच्या फरकावरून पत्र परत येऊ शकतं.

भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, म्हणजे कॉन्सुलेट, यांचे तातडीचे फोन नंबर त्यांच्या वेबसाइटवर असतात. दुबई आणि उत्तरेकडच्या अमिरातींचं काम दुबईचं कॉन्सुलेट बघतं, अबू धाबीचं दूतावास. सौदीत रियाधला दूतावास आहे, जेद्दाला कॉन्सुलेट. फोन लागत नसेल किंवा कुणी दाद देत नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. २०१५ साली सुरू झालेल्या या पोर्टलवर तक्रारीचा नंबर मिळतो आणि ती कुणाच्या टेबलावर आहे हे दिसतं. फॉरवर्ड केलेल्या मेसेजपेक्षा हा नंबर कधीही जास्त कामाचा. प्रवासी कामगारांसाठीची सरकारी हेल्पलाइनही आहे: १८०० ११ ३०९०.

एवढे दिवस का लागतात?

कारण पहिला कागद असतो मृत्यूच्या कारणाचा, आणि तो कुणाच्याच हातात नसतो. हॉस्पिटलमध्ये आजारपणाने मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांचा अहवाल लगेच मिळतो आणि पुढचं काम काही दिवसांत उरकतं. पण खोलीत झोपेत गेला, कामावर पडला, रस्त्यात अपघात झाला किंवा आत्महत्येचा संशय असला, की प्रकरण पोलिसांकडे जातं. तपास पूर्ण होऊन त्यांची परवानगी येईपर्यंत मृतदेह शवागारातून हलत नाही. अशा प्रकरणात पोलीस अहवाल लागतो, आणि तो अरबीत असेल तर इंग्रजी भाषांतरही.

इथे पैसा आणि प्रसिद्धी किती चालते, याचं उदाहरण सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं आहे. अभिनेत्री श्रीदेवी यांचं २४ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री दुबईतल्या हॉटेलमध्ये निधन झालं. खासगी विमान तयार होतं, मुंबईत चाहत्यांची गर्दी झाली होती. तरीही पार्थिव मिळायला २७ तारीख उजाडली. मृत्यू हॉटेलच्या खोलीत झाल्यामुळे पोलीस तपास, फॉरेन्सिक अहवाल आणि मग दुबईच्या सरकारी अभियोग विभागाची मंजुरी, हे टप्पे पार करावे लागले. अपघाताने बुडून मृत्यू असा निष्कर्ष निघाला, प्रकरण बंद झालं, आणि त्यानंतरच शवलेपनाला परवानगी मिळाली. त्या रात्री पार्थिव मुंबईत आलं, २८ ला अंत्यसंस्कार झाले. म्हणजे सगळी यंत्रणा हात जोडून उभी असतानाही तीन दिवस गेले. लेबर कॅम्पमधल्या माणसाच्या बाबतीत त्याहून जास्त लागले तर लगेच कुणीतरी मुद्दाम अडवतंय असं समजायचं कारण नाही.

ओळख पटवण्याचा प्रश्न असेल तर काम आणखी वाढतं. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. काही मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. तिथे दोन सरकारं थेट कामाला लागली होती, म्हणून १४ जूनला हवाई दलाच्या विमानाने ४५ भारतीयांचे मृतदेह कोचीला आणता आले. इतका वेग हा अपवाद आहे.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावरचं आहे. मार्च २०२४ मध्ये कराचीच्या तुरुंगात डहाणू तालुक्यातल्या एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. हद्द ओलांडल्याच्या आरोपाखाली तो पकडला गेला होता. कराचीहून डहाणू समुद्रमार्गे फार दूर नाही. पण मृतदेह आला तो अटारी-वाघा सीमेवरून, पंजाबमार्गे, आणि घरी पोहोचेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता.

पेटी निघण्याआधी तिथे काय काय होतं?

मृत्यूचा दाखला आणि पोलिसांची परवानगी मिळाली की फाइल भारतीय दूतावासाकडे येते. दूतावास मृत्यूची नोंद करतं, पासपोर्ट रद्द करतं आणि ना हरकत दाखला देतं, ज्याला सगळे एनओसी म्हणतात. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे नोकरी देणाऱ्याकडे अडकलेला असेल तर तो मिळवण्यात दिवस जातात. म्हणून घरात पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि व्हिसाची प्रत असणं फार मोलाचं. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाने हे फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये ठेवून जावेत. अशुभ वगैरे काही नाही त्यात. व्हिसा संपलेला असेल किंवा कंपनीने 'पळून गेला' अशी तक्रार केलेली असेल तरी मृतदेह आणता येतो, फक्त तिथल्या इमिग्रेशनचं काम वाढतं. ही गोष्ट दूतावासाला लपवू नये.

यानंतर शवलेपन, ज्याला सगळीकडे एम्बामिंगच म्हणतात. मृतदेह टिकावा म्हणून त्यात रसायनं भरली जातात आणि तसा दाखला मिळतो. हा दाखला नसेल तर विमान कंपनी पेटी घेत नाही. दुबईत हे केंद्र मुहैसना भागात आहे. कामगार वस्तीच्या त्या भागाला तिथले भारतीय 'सोनापूर' म्हणतात. मुंबईत मरीन लाइन्सच्या स्मशानाचंही हेच नाव होतं, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना ते ऐकताच चुकचुकतं.

पेटी आतून जस्ताच्या पत्र्याची आणि हवाबंद असते. ती प्रवाशांच्या सामानात नाही, कार्गोत जाते. तिचं एअरवे बिल बनतं आणि ती कुणाच्या नावाने पाठवली आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. मुंबईत पेटी घ्यायला जो प्रत्यक्ष जाणार आहे, त्याचंच नाव तिथे आहे ना, हे आधी विचारून घ्या.

खर्च कुणाचा?

अनेक घरं इथेच फसतात. घाईघाईत दागिने गहाण पडतात आणि नंतर कळतं की हा खर्च करायची जबाबदारी आपली नव्हतीच.

सौदी अरेबियाच्या कामगार कायद्याच्या ४० व्या कलमानुसार, मृत कामगाराचा देह तयार करून तो जिथून भरती केला त्या ठिकाणी पाठवण्याचा खर्च मालकाचा असतो. घरच्यांच्या संमतीने सौदीतच दफन झालं किंवा तिथल्या सामाजिक विमा संस्थेने खर्च उचलला, तरच मालक सुटतो. संयुक्त अरब अमिरातीतही कुटुंबाने मागणी केली तर हा खर्च मालकावरच आहे. म्हणून कंपनीला पहिल्याच दिवशी ईमेल पाठवावा: मृतदेह भारतात हवा आहे, खर्चाची जबाबदारी तुमची आहे. फोनवर नको, लेखी. तीच प्रत दूतावासालाही जाऊ द्या.

कंपनी पळ काढत असेल, माणूस व्हिजिट व्हिसावर कामाला गेलेला असेल किंवा मालकच सापडत नसेल, तर दूतावासाकडचा भारतीय समुदाय कल्याण निधी कामी येतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या या निधीतून गरजू कुटुंबांसाठी मृतदेह आणण्याचा खर्च करता येतो. तो आपोआप मिळत नाही. आर्थिक परिस्थिती लिहून अर्ज करावा लागतो आणि मंजुरी दूतावासाच्या हातात असते.

तिसरा मार्ग विम्याचा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणी लागते, म्हणजे तो ईसीआर असतो. अशा माणसाला आखाती देशांत नोकरीला जाताना प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. २०१७ च्या सुधारित योजनेत दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये, अधिक कर, असा ठेवला होता. त्यात अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण आणि मृतदेह आणण्याच्या खर्चाची तरतूद आहे. माणसाने नोकरी बदलली तरी मुदतीत पॉलिसी लागू राहते. गंमत अशी की दहावी झालेल्याला ही सक्ती नाही, त्यामुळे शिकलेल्या पोराकडेच विमा नसतो. मुदत संपल्यावर पॉलिसी वाढवायचं राहून गेलं, असंही होतं. पॉलिसीचा कागद घरात शोधाच.

विमानभाड्याबद्दल एक गोष्ट. पूर्वी पेटीचं भाडं वजनावर लागायचं. माणसाचा देह तराजूवर ठेवून भाडं घेता, यावर आखातातल्या भारतीयांनी बरीच वर्षं आवाज उठवला. जानेवारी २०१९ पासून एअर इंडियाने अमिरातीतून ठरावीक दर लावला: मोठ्यांसाठी १५०० दिरहम, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ७५०. आज कोणत्या कंपनीचा दर काय, हे दूतावासाकडून किंवा थेट कार्गो ऑफिसमधून विचारून घ्यावं, फक्त एजंटवर विसंबून राहू नये.

फिरायला किंवा मुलांकडे गेलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे मालक नसतो, प्रवास विमा असतो. युरोपातल्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा विमा सक्तीचा आहे आणि त्यात मृत्यूचा खर्चही धरलेला असतो. अमेरिकेत सगळी कागदपत्रं तिथलं फ्युनरल होम करतं. विमा नसेल तर बिल एवढं होतं की मित्रमंडळींना वर्गणी काढावी लागते.

माणूस बोटीवर असेल तर?

कोकणासाठी हा भाग महत्त्वाचा, कारण इथे 'देश' कोणता हेच आधी ठरवावं लागतं. जहाज एका देशाच्या झेंड्याचं, कंपनी दुसऱ्या देशाची, मृत्यू खुल्या समुद्रात आणि पुढचं बंदर चौथ्याच देशाचं. कॅप्टन जहाजाच्या नोंदवहीत मृत्यू नोंदवतो, देह शीतगृहात ठेवला जातो आणि पुढच्या बंदरात तो उतरवून घेण्यासाठी कंपनीचा स्थानिक एजंट धावपळ करतो. बंदराने नकार दिला तर जहाज देह घेऊनच पुढे जातं.

तरीही जमिनीवरच्या कामगारापेक्षा खलाशाचा कायदा जास्त पक्का आहे. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार नोकरीच्या काळात मृत्यू झाला तर अंत्यसंस्काराचा खर्च जहाजमालकाचा. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणेत, जहाजावर मृत्यू आला तर कुटुंबाच्या इच्छेनुसार देह किंवा अस्थी घरी पाठवायला संबंधित देशांनी मदत करावी, असंही आलं आहे. घरच्यांनी दार ठोठवायचं ते ज्या मुंबईच्या एजन्सीने भरती केली तिचं. ती परवानाधारक असेल तर तिला उत्तर द्यावंच लागतं. ती टाळत असेल तर कांजूरमार्गचं नौवहन महासंचालनालय आणि बॅलार्ड इस्टेटचं शिपिंग मास्टर कार्यालय आहे. सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक, आणि कामाचा करार यांच्या प्रती हव्यात. परवाना नसलेल्या दलालामार्फत गेलेल्या पोराच्या घरच्यांना यातलं एकही दार उघडं नसतं. अशा वेळी थेट दूतावास आणि 'मदद'.

आणायचंच का, की तिथेच?

हा निर्णय फक्त घरच्यांचा. हर्णे परिसरातल्या अनेक मुस्लिम कुटुंबांना दफन लांबू नये असं वाटतं आणि ती तिथल्याच दफनाला संमती देतात. हज-उमऱ्याला गेलेल्यांचं दफन मक्का-मदिनेतच होतं, आणि मदिनेच्या बकी कब्रस्तानात जागा मिळणं हे भाग्य मानलं जातं. हिंदू कुटुंबांना दहन तिथेच करायचं असेल तर देशानुसार फरक पडतो. दुबईत जेबेल अलीला स्मशानभूमी आहे, सौदीत दहनाची सोय नाही. दहन झाल्यावर अस्थी आणणं पेटी आणण्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, दूतावासाची एनओसी आणि घट्ट बंद कलश एवढं लागतं. विमान कंपनीला आधी कळवलं तर अस्थी सोबत आणता येतात. (अस्थींचा प्रवास उलट्या दिशेनेही झाला आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या आणि त्यांची रक्षा अमेरिकेतल्या पकिप्सीला, त्यांना आधार देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत पोहोचली.)

मुंबईत उतरल्यावर

भारतात पेटी आणायला विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ऑगस्ट २०२३ पासून त्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं 'ई-केअर' पोर्टल आहे. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, दूतावासाची एनओसी आणि रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत, हे चार कागद अपलोड करायचे आणि ४८ तासांत मंजुरी मिळणं अपेक्षित असतं. तिकडे विमान ठरायच्या आधीच हे सुरू करायला हवं, नाहीतर पेटी तयार आणि मंजुरी अडकलेली, असं होतं.

नातेवाईक सवयीने प्रवासी बाहेर येतात त्या गेटवर थांबतात. पेटी तिथे येत नाही. ती सहारच्या कार्गो संकुलात येते. तिथे आरोग्य आणि कस्टम्सची तपासणी, शुल्क, सह्या असं सगळं उरकायला काही तास जातात. ज्याच्या नावाने पेटी आहे त्याचं मूळ ओळखपत्र आणि प्रती सोबत हव्यात.

तिथून हर्णे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. मुंबई-गोवा महामार्ग, मग खेडमार्गे किंवा मंडणगडमार्गे दापोली, आणि पुढे पंधरा-सोळा किलोमीटर. केरळ सरकारच्या 'नोर्का'तर्फे विमानतळापासून घरापर्यंत मोफत रुग्णवाहिका मिळते. आपल्याकडे गाडी घरच्यांनाच ठरवावी लागते. भाडं आणि परतीचा हिशेब निघण्याआधी बोलून घ्यावा. पावसाळ्यात घाटातला वेळ धरूनच दफन-दहनाची वेळ गावाला कळवावी.

मृत्यूबद्दल संशय असेल तर हीच शेवटची संधी. अंत्यसंस्काराआधी पोलिसांकडे लेखी अर्ज देऊन शवविच्छेदनाची मागणी करता येते. नंतर हाती काही राहत नाही.

त्यानंतरचे कागद

बऱ्याच जणांना धक्का बसतो तो ग्रामपंचायतीत. मृत्यूचा दाखला तिथे मिळत नाही, कारण मृत्यू जिथे होतो तिथेच नोंदला जातो. परदेशातल्या मृत्यूसाठी भारतीय दूतावासातली नोंद भारतातल्या नोंदीसारखीच मानली जाते, तशी तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २० व्या कलमात आहे. त्यामुळे दूतावासाच्या दाखल्याच्या मूळ प्रती दोन-चार मागून घ्याव्यात. बँक, विमा, सातबाऱ्यावरची वारस नोंद, सगळीकडे तोच लागणार.

आणि पैसे. थकलेला पगार, नोकरीअखेरचा हिशेब, अपघात असेल तर भरपाई, हा सगळा वारसांचा हक्क आहे. मृतदेह पाठवण्याच्या संमतीपत्रासोबत कंपनी कधीकधी आणखी एक कागद पुढे करते, 'सगळा हिशेब मिळाला, काही बाकी नाही' असा. पेटी लवकर यावी म्हणून घरचे सही करून मोकळे होतात. हे दोन कागद वेगळे आहेत आणि दुसऱ्यावर सही न करताही मृतदेह येऊ शकतो. कंपनी अडवत असेल तर तो कागद तसाच दूतावासाला पाठवावा. येणं वसूल करण्यासाठी दूतावासाच्या नावे वेगळं मुखत्यारपत्र आणि वारसांचा दाखला लागतो. रक्कम काही वेळा जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत वारसांपर्यंत येते, म्हणून दाखल्यावरची नावं, आधारवरची नावं आणि बँक खात्यावरची नावं आधीच जुळवून घ्यावीत.